उगारलेला हात आणि दुखावलेली खुर्ची

मागील अंकात एका निवृत्त अधिकाऱ्यांचे दीर्घ पत्र प्रसिद्ध झाले आहे. त्यांचे वय, त्यांचा हुद्दा आणि परप्रांतात त्यांनी घालविलेली पस्तीस वर्षे यांविषयी मला आदर आहे. आणि वरिष्ठांच्या टिपणावर उलट शेरा लिहिण्याची सवय आम्हा कारकुनांना नसते, हेही खरे. तथापि त्या पत्रातील मुख्य विधान तसेच जाऊ दिले, तर आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात आधीच असलेल्या एका गैरसमजावर शिक्कामोर्तब होईल, म्हणून हा खटाटोप.

पत्रलेखकांचे म्हणणे थोडक्यात असे. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली एका निकालात ठरविले की, कचेरीत येऊन कर्मचाऱ्यांवर आरडाओरडा करणे व त्यांना धमकावणे एवढ्याने कायद्यातला 'हमला' होत नाही. यामुळे खुर्चीवर बसणारा माणूस उघडा पडला. भीती ही भीतीच. ती हाताने उत्पन्न केली काय आणि जिभेने उत्पन्न केली काय, कायद्याने तिचा सारखाच कैवार घेतला पाहिजे. इंग्लंडनेसुद्धा आता शब्दांना हमला मानले आहे. सबब नव्या संहितेतील व्याख्या बदलावी, आणि कचेरीचा गेलेला धाक परत आणावा.

यातले शेवटचे वाक्य मला सर्वांत प्रामाणिक वाटले. आधीची सारी वाक्ये भीतीविषयी आहेत; शेवटचे धाकाविषयी आहे. भीती आपल्याला वाटते, धाक दुसऱ्याला वाटावा लागतो. पत्रलेखकांनी एकीच्या नावाने दुसऱ्याची मागणी केली आहे, आणि माझे त्यांच्याशी भांडण आहे ते येथेच.

प्रथम तो निकाल काय होता ते पाहू. प्रसंग बंगळूरच्या केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या कचेरीतला. एका केंद्रीय संस्थेच्या सेवेतून दूर केलेला कर्मचारी आपल्याच प्रकरणातील कागदपत्रे पाहण्यासाठी तेथे गेला होता. त्याने आरडाओरडा केला, कर्मचाऱ्यांना धमकावले, अशी तक्रार झाली आणि दंड संहितेचे कलम ३५३ त्याला लावण्यात आले. न्यायालयाने खटला रद्द केला. का? तो माणूस सज्जन होता म्हणून नव्हे, किंवा कर्मचारी खोटे बोलत होते म्हणूनही नव्हे. तक्रारीत जे लिहिले आहे ते सगळे खरे धरले, तरी त्यात हमल्याचे घटकच सापडत नाहीत, म्हणून. असाच प्रकार २०१५ साली झाला होता. बंगळूरच्याच वाहतूक पोलिसांच्या फेसबुक-पानावर एका दांपत्याने एका अधिकाऱ्याच्या वागणुकीविषयी तक्रार लिहिली, तेव्हा त्यांनाही हेच कलम लागले होते आणि तेही टिकले नाही. भिंतीवर लिहिलेल्या तक्रारीतून अंगावर काय येणार होते, हे फिर्याद लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

पण २०२५ च्या निकालातली एक गोष्ट पत्रलेखकांनी वगळली आहे. खिडकीपलीकडे उभा राहून ओरडणारा तो मनुष्य कोणी उडाणटप्पू नव्हता. तो आपल्यातलाच एक होता. न्यायाधिकरणाचे एक पीठ येथे जबलपुरातही आहे. बढती, ज्येष्ठता, बदली आणि निवृत्तिवेतन या चार शब्दांत ज्यांचे आयुष्य सरते, त्या आपणां सर्वांना केव्हा ना केव्हा त्या पायऱ्या चढाव्या लागतात. खुर्चीवर बसलेला माणूस खिडकीपलीकडे जाऊन उभा राहिला म्हणजे त्याचा आवाज किती पट्ट्या वर चढतो, हे मी अनेकदा ऐकले आहे. एकदा तर तो आवाज माझाच होता.

आता कायद्याकडे वळू. मेकॉलेच्या विधि-आयोगाने १८३७ साली जो मसुदा तयार केला, त्यातून १८६० साली भारतीय दंड संहिता झाली. १ जानेवारी १८६२ पासून ती अमलात आली आणि १ जुलै २०२४ रोजी तिची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. हमल्याची व्याख्या जुन्या संहितेत कलम ३५१ मध्ये होती, नव्या संहितेत ती १३० मध्ये आहे. घर बदलले, माणूस तोच राहिला. व्याख्येचा आशय असा: समोर उपस्थित असलेल्या माणसाला 'हा आता आपल्यावर बळ वापरणार' असे वाटावे या हेतूने, किंवा तसे वाटण्याचा संभव आहे हे ठाऊक असून, जो कोणी काही हावभाव किंवा काही तयारी करतो तो हमला करतो. याखाली तीन उदाहरणे दिली आहेत: एकाने दुसऱ्यावर मूठ उगारली, एकाने आपल्या क्रूर कुत्र्याची मुसकी सोडायला आरंभ केला, एकाने 'तुला मार देतो' असे म्हणत काठी उचलली. तिन्हींत कोणाला लागलेले नाही. आणि पुढे स्पष्टीकरण आहे की, नुसत्या शब्दांनी हमला होत नाही. मात्र बोललेल्या शब्दांमुळे हावभावाला असा अर्थ येऊ शकतो की तो हावभाव हमला ठरावा. काठीचे उदाहरण याचसाठी आहे. नुसती काठी उचलणारा कदाचित फिरायला निघाला असेल, नुसते 'मार देतो' म्हणणारा कदाचित बापही असेल. दोन्ही एकत्र आल्यावर काठीला तोंड फुटते.

परंतु 'हमला' या शब्दानेच आपला घात केला आहे असे मला वाटते. संहितेच्या मराठी अनुवादात 'हमला' आहे, हिंदीतही 'हमला'च आहे. हमला म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे घोडदळ उभे राहते. वर्तमानपत्रात हमला होतो तेव्हा कोणीतरी रुग्णालयात असतो. म्हणजे शब्द कानी पडताच आपण घाव पडल्याचे गृहीत धरतो. कायद्यातल्या हमल्यात घाव नाही. घाव पडला की तो बलप्रयोग झाला, दुखापत झाली. त्यांची कलमे निराळी. हमला घावाच्या अगोदरच्या क्षणी पुरा होतो. आणि नवल असे की, या क्षणाला मराठीत नेमके क्रियापद आहे, आणि अनुवादकांना ते दिसले नाही. ते क्रियापद म्हणजे उगारणे. हात उचलणे म्हणजे मारणेच. हात उगारणे म्हणजे मारण्याच्या बेतात असणे. उगारण्यात हेतू आहे, दिशा आहे, समोर माणूस आहे, आणि मुख्य म्हणजे 'आत्ता' आहे. उगारलेला हात खाली आला तर तो मार. वरच राहिला तरी गुन्हा झालाच. आवाज मात्र चढतो, तो उगारता येत नाही. जीभही सैल सुटते, उगारली जात नाही. दीडशे वर्षे विधिज्ञ ज्या स्पष्टीकरणावर वाद घालीत आले, ते आपल्या भाषेने एका क्रियापदात बसवून ठेवले आहे.

इंग्लिश विधिग्रंथांत या विषयावर दोन जुने खटले हमखास येतात. पहिला १६६९ सालचा. बोलाचाली झाली असता एकाने तलवारीच्या मुठीवर हात ठेवला आणि म्हटले की, न्यायाधीशांचा फिरता दरबार गावात नसता, तर असली भाषा मी तुझ्याकडून ऐकून घेतली नसती. न्यायालय म्हणाले, हा हमला नव्हे. कारण हात जे सांगतो ते तोंडाने खोडून काढले आहे. आपल्याकडे 'कचेरी सुटू दे, मग बघतो' म्हणतात तेही हेच. दुसरा खटला १८३० सालचा आणि आपल्याला अधिक जवळचा, कारण तो एका सभेतला आहे. एका पॅरिशची सभा चालली होती. एक सभासद फार गडबड करू लागला, म्हणून त्याला बाहेर काढण्याचा ठराव मोठ्या बहुमताने संमत झाला. तो म्हणाला, मी बाहेर जाण्यापेक्षा अध्यक्षालाच खुर्चीवरून ओढून काढीन. आणि मूठ आवळून तो अध्यक्षाच्या दिशेने निघाला. दोघांमध्ये सहासात माणसे बसली होती. अध्यक्षापर्यंत पोचण्याआधीच त्याला एका कारभाऱ्याने अडविले. हात पोचलाच नाही, तर हमला कसला, असा बचाव होता. मुख्य न्यायाधीश टिंडल यांनी ज्यूरीला सांगितले की, तो थांबविला गेला नसता तर लगेच पोचला असता अशा रीतीने पुढे येत होता का, एवढेच पाहा. ज्यूरीला तसे वाटले आणि तिने अध्यक्षाला एक शिलिंग नुकसानभरपाई दिली. परप्रांतातल्या आपल्या महाराष्ट्र मंडळांच्या वार्षिक सभा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हा खटला समजावून सांगण्याचे कारण नाही.

या दोन खटल्यांवरून 'वाजवी भीती' म्हणजे काय हे ध्यानात येते. 'वाजवी' हा शब्द हमल्याच्या आपल्या व्याख्येत नाही. तो खासगी बचावाच्या कलमांत येतो. येथे त्याचे काम 'संभव आहे हे ठाऊक असून' या शब्दांनी केले आहे. म्हणजे माप ज्याला भीती वाटली त्याच्या छातीत ठेवलेले नाही. आखाड्यात वाढलेल्या एखाद्या लेखनिकावर कोणी मूठ उगारली आणि तो नुसता हसला, तरी हमला झालाच. कारण कायदा भेदरण्याची नव्हे, तर घाव येतो आहे हे जाणवण्याची गोष्ट करतो. उलट कोणी मोठ्याने बोलताच ज्याचे हातपाय गळतात, त्याचे हातपाय खरोखर गळले असले तरी बोलणाऱ्याने हमला केला असे होत नाही. समोरचा अधू आहे, वृद्ध आहे, एकटा आहे, हे करणाऱ्याला ठाऊक असेल तर ते अवश्य जमेस धरावे. पण अखेर प्रश्न एकच उरतो: त्या जागी, त्या अंतरावर, तो हावभाव पाहून तिसऱ्या माणसाला 'आता हा मारणार' असे वाटले असते काय? वाजवी भाव जसा केवळ विकणारा ठरवीत नाही आणि केवळ घेणाराही ठरवीत नाही, तसेच हे आहे.

आता आपल्या कचेऱ्यांकडे पाहा. जनतेसाठी लावलेल्या पाट्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत. आमच्या येथे दारावरच आहे: 'शासकीय कार्य में बाधा डालना धारा ३५३ के अंतर्गत दंडनीय अपराध है।' महाराष्ट्रातही 'सरकारी कामात अडथळा' हेच या कलमाचे लोकप्रसिद्ध नाव. हे नाव चुकीचे आहे. अडथळ्याचे कलम वेगळे होते, जुने १८६ व आताचे २२१. त्याला तीन महिन्यांची कैद आहे. लोकसेवकाला धमकी देण्याचेही कलम वेगळे आहे, जुने १८९ व आताचे २२४. त्याला दोन वर्षे आहेत. जुन्या ३५३ मध्ये, आणि त्याची जागा घेणाऱ्या १३२ मध्ये, शिक्षा आहे ती लोकसेवकाला कर्तव्यापासून परावृत्त करण्यासाठी केलेल्या हमल्याला किंवा बलप्रयोगाला. हिंदी पाठात यासाठी 'भयोपरत' असा शब्द योजला आहे. ज्याने तो घडविला त्याला मी मनोमन नमस्कार करतो, कारण भय आणि कामापासून हटणे ही दोन्ही अंगे त्याने एका शब्दात आणली. पाटीवरच्या भाषेत मात्र हमला गळाला, भय गळाले, आणि उरला तो अडथळा. रांगेत उभ्या असलेल्या माणसाने 'साहेब कधी येणार?' असे तिसऱ्यांदा विचारले तरी तो अडथळाच असतो.

हे गळणे अजाणतेपणाने झाले असे मानण्याइतका मी भोळा नाही. अडथळ्याचे प्रकरण न्यायालयात न्यायचे तर संबंधित लोकसेवकाने किंवा त्याच्या वरिष्ठाने स्वतः न्यायालयाकडे लेखी फिर्याद द्यावी लागते; पोलिस आपण होऊन त्याचा तपास करू शकत नाहीत. हमल्याचे तसे नाही. लोकसेवकावरचा हमला दखलपात्र आहे आणि अजामीनपात्रही आहे. एका दूरध्वनीवर पोलिसांची गाडी येते. म्हणून अडथळ्याला हमल्याचे कपडे चढवायचे. शिक्षा वाढवून हे थांबले असते असेही नाही. महाराष्ट्राने २०१८ साली या कलमाखालील कैद दोन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली होती. नव्या संहितेच्या मूळ पाठात ती पुन्हा दोनच वर्षे आहे.

येथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती सांगताना कचेरीचे नाव मी घेणार नाही. (केवळ वाङ्मयीन स्वरूपाच्या लेखनाला १९६४ च्या आचरण-नियमांप्रमाणे पूर्वपरवानगी लागत नाही. प्रस्तुत लेख वाङ्मयीन आहे की नाही, हे संपादकांनी ठरवावे.) एका विधवेच्या कुटुंब-निवृत्तिवेतनाचे कागद आमच्याकडे आले होते. एका कागदावर तिचे नाव नुसते होते आणि दुसऱ्यावर त्याला 'बाई' जोडलेले होते. एवढ्यावरून ते तीनदा परत गेले. चौथ्या खेपेस तिचा भाऊ आला. त्याने काउंटरवर तळहात आपटला आणि तो ओरडला की, एकेकाला पाहून घेईन, वरपर्यंत जाईन. आमच्यामध्ये छातीएवढा ओटा होता आणि त्यावर काच होती. तो जागचा हलला नाही. बड़े बाबूंनी जी तक्रार लिहिली तीत 'मारने के उद्देश्य से झपटा' असे वाक्य होते. साक्षीदार म्हणून माझ्यापुढे कागद आला. मी वाचला, आणि सही केली.

त्या माणसाला पोलिस घेऊन गेले. दिवस मावळताना ती विधवा आली आणि त्याच काचेशी हात जोडून उभी राहिली. तिने एक शब्दही काढला नाही. आम्ही पाचसहा पुरुष आत होतो, आणि भीती काचेच्या कोणत्या बाजूला आहे हे पाहायला दंड संहिता उघडण्याची गरज नव्हती. पुढे जबाबाच्या वेळी मी सांगितले की तो ओरडला, त्याने हात आपटला, धमकी दिली. पण तो झपटला नाही, तो शब्द माझा नाही. मग हा कागदावरचा शब्द तुम्ही वाचला नव्हता का, असे मला विचारण्यात आले. वाचला होता, असे मी उत्तर दिले. तेव्हापासून काही सहकारी मला चहाला बोलावीत नाहीत. प्रकरण चालू आहे, म्हणून याहून अधिक लिहीत नाही.

पत्रलेखक म्हणतील की, हा एका कचेरीतला गैरवापर झाला. त्यासाठी खऱ्या संकटाकडे डोळेझाक का करता? मी डोळेझाक करीत नाही. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ तेलातील भेसळ पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले; दुसऱ्या वर्षी आमच्याच राज्यात, मुरैना जिल्ह्यात, नरेंद्रकुमार या तरुण पोलिस अधिकाऱ्यावर दगडांनी भरलेला ट्रॅक्टर घालण्यात आला. रात्रपाळीची परिचारिका, शेवटच्या गाडीतला तिकीट-तपासनीस, वाळूच्या ट्रॉल्यांपुढे उभा राहणारा पटवारी, यांच्यावर हात उगारले जातात, लोखंडी पहारी उगारल्या जातात, आणि त्या वेळी मध्ये काच नसते. कलम आहे ते त्यांच्यासाठी. आपण ते काउंटरवरच्या तळहातासाठी वापरतो. ज्या ठाण्यात 'झपटा' हा शब्द महिन्यातून चार वेळा सुखरूप खुर्चीवरून येतो, त्या ठाण्यात तोच शब्द पटवाऱ्याच्या तोंडून आला तर त्यावर कोणी आणि का विश्वास ठेवावा?

दुसरी बाजू याहून वाईट आहे. आमच्या वस्तीत धुणीभांडी करणारी एक बाई आहे. गेल्या पावसाळ्यात पगार मागितला म्हणून एका घरच्या मुलाने कोपऱ्यातली काठी उचलली आणि 'निकल, नहीं तो...' म्हणत तो तिच्यावर आला. ती जिना उतरून पळाली. संहितेतले तिसरे उदाहरण जणू छापील पुस्तकातून उठून त्या जिन्यावर आले होते. मी तिच्याबरोबर ठाण्यावर गेलो. पहिला प्रश्न झाला: 'चोट कहाँ है?' चोट नव्हती. 'मारा तो नहीं न?' मारले नव्हते. मग जा. न्यायाने बोलायचे तर, सामान्य माणसावरचा साधा हमला अदखलपात्र आहे. तीन महिन्यांची कैद, हजार रुपयांपर्यंत दंड, आणि दंडाधिकाऱ्याच्या हुकुमाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. तसे त्यांनी सांगितले असते, नोंद करून घेतली असती आणि दंडाधिकाऱ्याची वाट दाखविली असती, तर माझी तक्रार नव्हती. त्यांनी सांगितले ते हे की गुन्हा झालाच नाही. ही गोष्ट मी कचेरीत सांगितली, तेव्हा ज्यांनी 'झपटा' लिहिले होते तेच म्हणाले, 'अहो, लागले कुठे तिला?'

म्हणजे आपल्याला नुसता आवाज पुरतो आणि तिला काठीही पुरत नाही. एकाच कलमाची ही दोन वाचने एकाच माणसाच्या डोक्यात सुखाने नांदतात, आणि पत्रलेखकांना चिंता आहे ती पहिले वाचन न्यायालयाने अमान्य केल्याची!

राहिला इंग्लंडचा दाखला. १९९७ साली तेथील उमराव-सभेने शब्दांनी आणि मौनानेही हमला होऊ शकतो असे मानले, हे खरे आहे. पण तो खटला कोणाचा होता? एक मनुष्य तीन स्त्रियांना पुनःपुन्हा, बहुधा रात्री, दूरध्वनी करी आणि न बोलता गप्प राही. त्या आजारी पडल्या. आपण ज्याला पाहू शकत नाही तो आत्ताच दाराशी येऊन उभा राहील की काय, अशी त्यांची अवस्था झाली होती. तेथेही न्यायाधीशांनी 'तत्काळ' बळाच्या आशंकेची अट सोडली नाही. घरात एकट्या सापडलेल्या स्त्रीसाठी उघडलेले दार काचेआड बसलेल्या खात्यासाठी वापरायचे, हे वकिली चातुर्य झाले. शिवाय आपल्याकडे धाकदपटशाचे कलम पहिल्यापासून वेगळे आहे. निनावी धमकीला त्यात वाढीव शिक्षा आहे. स्त्रीचा पाठलाग करणाऱ्यासाठी २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. शब्दांना आपल्या कायद्यात शिक्षा नाही असे नव्हे. शब्दांना शब्दांची शिक्षा आहे, आणि हाताला हाताची. पत्रलेखकांना शब्दांना हाताची शिक्षा हवी आहे.

आणि हा आग्रह जबलपुरात बसून धरावा, याचे मला विशेष वाईट वाटते. १९५६ साली नवे मध्य प्रदेश झाले तेव्हा उच्च न्यायालय या गावी आले. पहिले मुख्य न्यायाधीश हिदायतुल्ला हे आधी नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. पण विधिग्रंथांत या गावाचे नाव अजरामर झाले ते एका पराभवामुळे. 'अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी, जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल' या खटल्याचा निकाल २८ एप्रिल १९७६ रोजी लागला. आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्यांची दाद येथील उच्च न्यायालयाने ऐकण्याजोगी मानली होती. सर्वोच्च न्यायालयातील पाचांपैकी चार न्यायाधीशांनी ती दारे बंद केली. सरकारला एखाद्या माणसाची भीती वाटली, तर ती भीती खरी की खोटी, वाजवी की गैरवाजवी, हे तिसऱ्या कोणी पाहायचे नाही, असा त्याचा व्यवहारातला अर्थ झाला. एकटे न्यायमूर्ती खन्ना विरुद्ध गेले. बहुमतातले एक न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड मराठी होते. आणि २०१७ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो निकाल रद्द ठरविला तेव्हाच्या प्रमुख निकालपत्राचे लेखक त्यांचेच चिरंजीव होते. भीती तपासून पाहण्याचा अधिकार तिसऱ्याच्या हातून काढून घेतला म्हणजे काय होते, हे या गावच्या नावावर नोंदलेले आहे. काउंटरवरची गोष्ट त्यापुढे क्षुद्र आहे, हे मान्य. पण ज्या विधवेचा भाऊ गाडीत घालून नेला गेला, तिला ती क्षुद्र वाटली असेल असे मला वाटत नाही.

जाता जाता पाटीविषयी. नव्या संहितेत ३५३ हे कलम आता अफवा व लोकक्षोभकारक विधाने यांचे आहे, आणि जुना ३५१, म्हणजे ज्यात हमल्याची व्याख्या होती तो आकडा, आता धाकदपटशाकडे गेला आहे. म्हणजे आमच्या दारावरची पाटी आज दोन्ही अंगांनी चुकीची आहे. ती बदलून तेथे नवे कलम त्याच्या खऱ्या शब्दांसह लिहावे, 'बाधा' हा शब्द काढून 'हमला' हा शब्द घालावा, आणि खाली नागरिकाने तक्रार कोठे करावी तेही द्यावे, असे टिपण मी सादर केले आहे. ते दोन टेबले वर जाऊन परत आले. त्यावर लाल शाईत 'कृपया चर्चा करें' असा शेरा आहे. चर्चेला अद्याप मला बोलावणे आलेले नाही.